नाचणीची थेट खरेदी: कंपनीला राजी कसे करावे

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि नाचणीची बिस्किटे, नूडल्स दुकानांत सर्रास दिसू लागली. मात्र अकोले, सुरगाणा, पेठ, जव्हार अशा डोंगरी तालुक्यांत पावसाच्या भरवशावर, घरचे बियाणे राखून नागली (म्हणजे नाचणीच) पिकवणाऱ्या शेतकऱ्याला माल विकण्यासाठी बहुधा आठवडी बाजारातला व्यापारीच गाठावा लागतो. नाचणीचे पदार्थ बनवणाऱ्या कंपनीने या शेतकऱ्याकडून थेट खरेदी करावी, यासाठी ग्राहक गट आणि शेतकरी उत्पादक कंपनी (शेतकऱ्यांनी मिळून काढलेली कंपनी) यांनी एकत्र येऊन बोलणी करावीत.

आधी पाकीट वाचावे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक असल्यामुळे नाचणी मैद्याच्या आधी आहे की साखरेच्याही नंतर, हे लगेच कळते. त्यानंतर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्यास तिचा वार्षिक अहवाल उघडावा. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला असून, किती टक्के कच्चा माल शाश्वत मार्गाने मिळवला आणि किती टक्के लघुउद्योग व छोट्या उत्पादकांकडून थेट घेतला, हे त्यात द्यावे लागते. पत्राची सुरुवात या आकड्यापासून करावी, कारण कंपनीने स्वतः छापलेल्या आकड्याविषयी विचारल्यावर नुसते आभाराचे पत्र पाठवून भागत नाही.

पत्र सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) विभागाला न लिहिता खरेदी विभागाच्या प्रमुखाला लिहावे. नेहमीच्या व्यवसायावरचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. त्यामुळे त्या दारातून फार तर रोपे आणि शिबिरे मिळतील, मालाला गिऱ्हाईक मिळणार नाही.

मागणी एका उत्पादनापुरती आणि एका हंगामापुरती असावी: अमुक बिस्किटातल्या नाचणीचा अमुक हिस्सा या तालुक्यातून घ्यावा, भाव हमीभावापेक्षा (२०२५-२६ साठी क्विंटलला ४,८८६ रुपये) कमी नसावा, वजन गावातच व्हावे आणि पैसे आठवड्याच्या आत खात्यात जमा व्हावेत. यातली शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच बोलण्यात मागे पडते. व्यापारी भाव कमी देत असला तरी रोख देतो, अडीअडचणीला उचलही देतो. दोन महिन्यांनी पैसे देणारी कंपनी कितीही चांगला भाव देवो, दिवाळीच्या तोंडावर घरात पैसा नसलेला शेतकरी तिच्यासाठी थांबू शकत नाही. शेतकरी थांबला नाही की माल पुरा पडत नाही आणि मग ‘छोटे शेतकरी भरवशाचे नाहीत’ असा शेरा कंपनीच्या फाईलीत बसतो. म्हणून काही रक्कम आगाऊ मागावी आणि खरेदीचे प्रमाण जूनमध्ये रोपे टाकण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावे. सर्वांनी एकच सुधारित वाण लावावे, अशी अट मात्र मान्य करू नये. गरव्या-हळव्या (उशिरा आणि लवकर पिकणाऱ्या) वाणांच्या मिश्रणावरच ही शेती लहरी पावसात तग धरते.

खरेदी अधिकाऱ्याच्या हरकतीही खऱ्या असतात. खळ्यावरच्या नाचणीत माती आणि बारीक खडे येतात, ओलावा घरोघरी वेगळा असतो आणि कंपनीला ट्रकभर एकसारखा माल लागतो. उत्पादक कंपनीने चाळणी आणि खडे काढणारे यंत्र एका ठिकाणी बसवून, ओलावा मोजून, पोत्यांवर गावाचे नाव टाकून नमुना सोबत न्यावा. नमुना हातात असला की चर्चा दर आणि वेळापत्रकावर येते.

उत्तर आलेच नाही, तर वार्षिक सर्वसाधारण सभेचा उपयोग करावा. एकच शेअर असणाऱ्या भागधारकालाही तिथे हजर राहता येते. बोलण्यासाठी नोंदणी कशी करावी, हे सभेच्या सूचनेत पाहावे. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपन्यांच्या सभा साधारणपणे सप्टेंबरअखेरपर्यंत, म्हणजे नाचणीच्या काढणीच्या आधी होतात. प्रश्न एकच आणि छोटा असावा: ‘गेल्या वर्षी घेतलेल्या नाचणीपैकी किती थेट उत्पादक गटांकडून घेतली आणि पैसे किती दिवसांत दिले?’ उत्तर नंतर पाठवू असे अध्यक्ष म्हणाले, तर त्याच दिवशी कंपनी सचिवांना ईमेलने प्रश्न पुन्हा पाठवून उत्तराची तारीख मागावी.