सड्यावरचा बॉक्साइट आणि नव्वदीपार अचूकतेचा भ्रम

भूशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतल्यावर दापोली-मंडणगड भागातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारांवर, बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचे खनिज कुठे असू शकेल, याचा संगणकीय नकाशा करण्याचे काम मी हाती घेतले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’वरील नकाशे, ३० मीटर विभेदनाची उंचीची माहिती आणि सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रे मी क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत एकत्र आणली आणि सगळे थर यूटीएम ४३ उत्तर या एकाच प्रक्षेपणात बसवले. पावसाळ्यातली चित्रे ढगांमुळे वाया जातात. सड्यावरचे गवत वाळल्यानंतरची, फेब्रुवारी-मार्चमधली चित्रे घ्यावीत. एवढे सगळ्यांनाच जमते.

मी फसलो तो चाचणीत. ज्ञात साठ्यांचे बिंदू चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून ७० टक्के प्रशिक्षणाला आणि ३० टक्के चाचणीला ठेवले, तेव्हा रँडम फॉरेस्ट या यंत्रशिक्षणाच्या पद्धतीने केलेल्या प्रारूपाची (मॉडेलची) अचूकता नव्वदीपार गेली आणि मी हुरळलो. परंतु एकाच सड्यावरचे दोन बिंदू दीडदोनशे मीटरवर असतील, तर त्यांची उंची, उतार आणि खडक जवळजवळ सारखेच असतात. त्यांतला एक प्रशिक्षणात आणि दुसरा चाचणीत गेला, म्हणजे उत्तरपत्रिका आधीच फुटलेली असते. प्रारूपाला बॉक्साइट कळलेला नसतो, तो सडा तेवढा ओळखीचा झालेला असतो. मी पुढे अख्खे सडे बाजूला काढून दापोलीकडच्या बिंदूंवर शिकवलेले प्रारूप श्रीवर्धनकडे तपासले, तेव्हा निकाल छापाकाट्याच्या जवळ आला. वाटणी बिंदूंची नव्हे, सड्यांची करावी, हे मी पुन्हा सांगतो, कारण मला ते कोणीही सांगितले नव्हते.

‘बॉक्साइट नाही’ असे बिंदू मी खाडीकाठच्या सखल जमिनीवरून घेतले होते, ही त्याच चुकीची दुसरी बाजू; त्यातून प्रारूप फक्त ‘उंच म्हणजे बॉक्साइट’ एवढेच शिकले. बेसाल्ट झिजताना पावसाचे पाणी सिलिका वाहून नेते. निचरा चांगला असेल तिथे ॲल्युमिनियम साचते, अन्यत्र लोहयुक्त जांभाच उरतो. खरा भेद जांभ्या-जांभ्यातला असल्यामुळे ‘नाही’चे बिंदूही सड्यावरूनच हवेत.

तयार कोड उतरवून आठवड्यात नकाशा काढून देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, आणि हातोडी न उचलणाऱ्या मार्गदर्शकावर तर त्याहून नाही. तरीही पहिला निकाल कोसळला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. तो बहुतेकांचा कोसळतो. कणकवलीच्या क्रोमाइटसारखे ज्ञात साठे मोजकेच असतील, तर यंत्रशिक्षणाचा हट्ट सोडून फझी लॉजिक वापरावे, म्हणजे कोणत्या पुराव्याला किती वजन द्यायचे हे भूशास्त्रीय समजुतीने ठरवता येते. पाहणीला निघताना नकाशावरच्या लाल (बॉक्साइटची शक्यता जास्त) जागांबरोबर दोन-तीन निळ्या (शक्यता कमी) सड्यांवरही चढावे. तिथे नुसता जांभा निघाला, तर पुढच्या खेपेचे ‘नाही’चे बिंदू हाती येतात.