माणूस पावसात, जीव घरात: देवावर भार टाकायचा तो कसा

जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात, ऐरोलीत, नेरुळला घरोघरी एक तरी संध्याकाळ अशी येतेच. ‘सायनला पाणी भरलंय, गाडी उभी आहे, बॅटरी कमी आहे’ एवढा निरोप येतो आणि नंतर फोन लागत नाही. आजी देवापुढे बसते, मुलगा टीव्ही लावतो, आई दर दोन मिनिटांनी फोन फिरवते. अशा वेळी ‘देवावर सोडा’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे कुणी सांगत नाही.

हातातलं काम आधी, देवापुढे बसणं नंतर. यात श्रद्धा कमी पडत नाही. उरकायचं काम उरलं असलं की पाठ म्हणताना तेच डोक्यात वळवळतं आणि ओठ हलत असले तरी मन फोनकडे असतं. म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटं कामाची.

फोन एकानेच लावायचा आणि तासातून एकदाच, वेळ ठरवून. घरातल्या चौघांनी सारखे कॉल केले तर अडकलेल्या माणसाची बॅटरी आपणच संपवतो. कॉल लागत नसला तरी एसएमएस बऱ्याचदा जातो, त्यामुळे छोटा मजकूर पाठवायचा: ‘आहेस तिथेच थांब, घरी सगळे ठीक, नऊला फोन करतो.’ घरी सगळे ठीक आहेत हे त्यात हवंच, कारण तिकडच्या माणसाला आपली तितकीच काळजी असते. रेल्वेच्या चौकशीसाठी 139, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077, जिवावरचा प्रसंग असेल तर 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108. हे आकडे फ्रीजवर कागदावर लिहिलेले असावेत. घाबरलेल्या माणसाला पाठ असलेला नंबरही आठवत नाही.

मग नकाशा डोक्यात आणायचा. कुर्ला-सायनच्या पट्ट्यात पाणी साचलं की मध्य रेल्वेची मुख्य लाइन अडते, चुनाभट्टी-कुर्ल्याला साचलं की हार्बर अडते. पण ठाणे-वाशी-पनवेल ही ट्रान्सहार्बर अशा वेळी पुष्कळदा चालू असते. म्हणजे ठाण्याचा माणूस वाशीला असेल तर तो येण्याची शक्यता चांगली, आणि दादरला असेल तर त्याने तिथेच कुणाकडे तरी मुक्काम केलेला बरा. भरतीची वेळही बघून ठेवा. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, आणि पाऊस ओसरला असेल तर पाणी त्याच दरम्यान उतरू लागतं. हे माहीत असलं की ‘अजून कसा आला नाही’ याचं निम्मं उत्तर घड्याळच देतं.

फोन लागत नाही याचा अर्थ वाईट झालं असा लावायचा नाही, हे घरात मोठ्याने बोलून ठेवावं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असंख्य माणसांचा रात्रभर घरच्यांशी संपर्क नव्हता आणि ती दुसऱ्या दिवशी चालत घरी पोहोचली.

एवढं झालं की टीव्ही बंद. आवाज कमी करून ठेवणं नव्हे, बंद. त्याच त्या पाण्याची दृश्यं वाहिन्या तासन्‌तास फिरवतात आणि दर वेळी ती नवीनच वाटतात. सोसायटीच्या ग्रुपवरचे ‘आत्ताच कळलं’वाले निरोप पुढे पाठवायचे नाहीत. फोन सांभाळणारा माणूस देवघरापासून दूर, दाराजवळ बसेल. बाकीच्यांनी आपले मोबाइल त्याच्याकडे द्यायचे. हा भाग सगळ्यात अवघड जातो आणि नेमका तोच टाळला जातो.

आता बसायचं. हातपाय धुऊन, निरांजनात एक फुलवात आणि चमचाभर तूप. वीज गेलेली असेल तर पडद्यापासून, उघड्या खिडकीपासून दिवा लांब ठेवा. अंधारात लहान मूल निरांजनावर आपटल्याचे प्रकार घडतात.

संकल्प एका वाक्याचा असावा आणि तो उच्चारावा: ‘अमुक आत्ता अमुक ठिकाणी आहे, त्याला सुखरूप ठेव, आणि आम्हाला धीर दे.’ नाव घ्यायचं, ठिकाण घ्यायचं. ‘सगळ्यांचं भलं कर’ ही प्रार्थना चांगलीच, पण भेदरलेल्या मनाला ती पकडता येत नाही. शेवटची मागणी गाळू नका. रात्र घरातल्यांनाही काढायची असते.

पाठ घरात चालत आलेलाच घ्यावा, भीतीच्या रात्री नवीन स्तोत्र शिकायला जाऊ नये. बऱ्याच मराठी घरांत दिवेलागणीची रामरक्षा असते. तिचे श्लोक 38, शांतपणे म्हटली तर दहा-बारा मिनिटं लागतात. तिच्यातला चौथ्यापासून नवव्या श्लोकापर्यंतचा भाग म्हणजे कवच, आणि अशा रात्री खरं काम त्याचंच. मस्तकापासून पावलापर्यंत एकेक अवयव रामाच्या एकेका नावाकडे सोपवला आहे: मस्तक राघवाकडे, कपाळ दशरथाच्या पुत्राकडे, डोळे कौसल्येच्या मुलाकडे, खांदे दिव्य आयुधं धारण करणाऱ्याकडे. गुडघे सेतू बांधणाऱ्याच्या हवाली आहेत. गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्या माणसासाठी यापेक्षा नेमकं काय मागणार! पाठात ‘माझं’ रक्षण कर असं आहे, पण संकल्पात ज्याचं नाव घेतलं त्याच्यासाठी तो म्हणता येतो. प्रत्येक अवयवाच्या वेळी त्या माणसाचा तो अवयव डोळ्यांपुढे आणा: चष्मा, खांद्यावरची सॅक, भिजलेले बूट. मन एरवी त्याला संकटात बघत असतं, इथे त्याच मनाला त्याला राखलेलं बघायचं काम मिळतं.

आवाज काढून, संथ म्हणा. मनातल्या मनात म्हटलेल्या पाठात भीती सहज घुसते. ओळ पूर्ण म्हणायला श्वास लांब सोडावा लागतो आणि श्वास लांबला की छातीची धडधड उतरते. घाईत ‘एकदाचं संपवू’ म्हणून म्हटलं तर उलट धाप लागते. मुलं असतील तर भीमरूपी घ्या. तिला तीन-चार मिनिटं पुरतात आणि मुलांना ती मोठ्याने म्हणायला आवडते.

मध्ये अडखळलात, ओळ गळली तरी तिथूनच पुढे जा. ‘पाठ चुकला, आता काही होणार तर नाही ना’ हा विचार त्या रात्रीचा सर्वांत त्रासदायक विचार असतो आणि त्याला काहीच आधार नाही. स्तोत्र म्हणजे सरकारी अर्ज नव्हे की एक रकाना चुकला म्हणून परत यावा.

नवस मात्र त्या रात्री बोलू नका. घाबरलेला माणूस अनवाणी शिर्डी, सोन्याचा हार, वर्षभर उपास असं काहीही बोलून बसतो, आणि माणूस घरी आल्यावर दोन वर्षं ते फेडायच्या ओझ्याखाली काढतो. बोललात तर तेव्हाच वहीत लिहून ठेवा आणि झेपेल एवढंच बोला: नारळ, घंटाळीच्या देवीची ओटी, कोपिनेश्वराला अभिषेक. ‘खास पूजा केली नाही तर धोका आहे’ असं सांगून पैसे मागणारा कुणी फोनवर भेटला तर फोन ठेवा. चमत्काराच्या नावाखाली लुबाडणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मुलांना ‘देव आहे ना, बाबांना काहीही होणार नाही’ असं सांगायचा मोह होतो. ते वचन आपल्या हातातलं नाही, आणि उद्या बाबा पाय मुरगळून आले तरी मूल देवावर रुसेल. त्याऐवजी असं सांगा: ‘बाबा दादरला थांबलेत, त्यांच्याबरोबर बरीच माणसं आहेत, आपण त्यांच्यासाठी भीमरूपी म्हणू आणि मग जेवू.’

मोठ्यांनाही हेच लागू आहे. विश्वास म्हणजे हमीपत्र, असं आपल्या संतांनी कधी सांगितलं नाही. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा गेला. त्यांची भक्ती त्या घावानंतरची आहे. देव राखतो असं म्हणताना ‘कसा राखेल ते मी ठरवणार नाही’ हेही त्यात येतं, आणि हे दुसरं वाक्य गिळायला जड आहे. त्या रात्री ते पूर्ण पटलं नाही तरी चालतं. संकल्प म्हणायला तेवढ्याने अडत नाही.

पाठ झाला की उठा आणि स्वयंपाकघरात जा. खिचडी टाका, पाणी तापवून थर्मासमध्ये भरा, कोरडे कपडे दाराशी काढून ठेवा. झोप पाळीपाळीने, दोन-दोन तासांची. सगळ्यांनी जागून काही साधत नाही आणि सकाळी हॉस्पिटल गाठायची वेळ आली तर एक तरी माणूस ताजा लागतो. भीती पुन्हा दाटली तर पूर्ण पाठ नको, एक माळ नामजप पुरे.

हॉस्पिटलबद्दल दोन गोष्टी, कारण तिथे भावनेच्या भरात धोका होतो. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत उदबत्ती, निरांजन, कापूर अजिबात नाही. आग झपाट्याने पसरते. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या पेशंटला तीर्थाचा घोटही देऊ नका. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. अंगारा कपाळाला लावायचा असेल तर सिस्टरना विचारून, आणि जखमेपासून लांब. बाहेरच्या बाकावर बसून रामरक्षा म्हणायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. तिथे ती हळू आवाजात म्हणा, शेजारच्या बाकावरही कुणीतरी बसलेलं असतं.

माणूस घरी आला की आधी प्रश्नांचा भडिमार नको. साबणाने पाय धुऊ द्या, पायाला कापलंय का ते बघा, मग देवापुढे गूळखोबरं ठेवा. साचलेल्या पाण्यातून चालून आला असेल तर 24 ते 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळी घ्यावी लागेल का ते विचारा. पायाला जखम असेल तर हे टाळू नकाच. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पिंडऱ्या दुखणं, डोळे लाल होणं दिसलं तर ‘पाण्यात भिजलो होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

आणि माणूस सुखरूप येऊनही घरात कुणाची धडधड महिनाभर थांबली नाही, ढग दिसले की पोटात गोळा येतो, झोप उडाली असं झालं तर पाठ वाढवून भागणार नाही. 14416 या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या) क्रमांकावर मराठीत, मोफत बोलता येतं. आजी-आजोबांना फोन करायचा संकोच वाटतो, तेव्हा नंबर तुम्ही लावून द्या आणि स्पीकर बंद करून दुसऱ्या खोलीत जा.