सगळ्या विहिरी समुद्रात: मॅपबॉक्स वापरताना या चुका टाळा

"पिनच दिसत नाहीत," असा निरोप आला की मी आधी एकच विचारतो: अक्षांश आधी लिहिलास की रेखांश? मॅपबॉक्सला (वेबपेजवर नकाशे दाखवायची सेवा) आणि जिओजेसनला (नकाशावरच्या जागा लिहून ठेवायची फाइल-पद्धत) रेखांश आधी लागतो, लीफलेटला (नकाशे दाखवायची दुसरी लायब्ररी) अक्षांश. गुगल मॅप्सवरून उचललेल्या जोडीतही अक्षांशच आधी असतो, आणि घात तिथेच होतो. एकदा पुण्याच्या आसपासच्या विहिरी नकाशावर टाकत होतो. सोबतच्या नव्या मुलाने १८.५२, ७३.८६ अशा जोड्या जशाच्या तशा चिकटवल्या. एरर आली नाही, कारण उलटे करूनही दोन्ही आकडे वैध. दोन दिवस तो टोकन (मॅपबॉक्स वापरायची किल्ली), नकाशाची स्टाइल, इंटरनेट तपासत बसला. मी झूम आउट केलं, तर सगळ्या विहिरी नॉर्वेच्या उत्तरेला भर समुद्रात! तेव्हापासून मी आधी शनिवारवाड्याचा एकच बिंदू टाकतो. तो जागेवर बसला तरच बाकीची यादी. घाई करणाऱ्यांना ही पाच मिनिटंसुद्धा जड वाटतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नकाशाच्या डिव्हला (वेबपेजवरचा नकाशाचा चौकोन) उंची दिली नाही तर पान कोरंच दिसणार.

'एसके'ने सुरू होणारं गुप्त टोकन वेबपेजच्या कोडमध्ये कधीही ठेवू नका; तिथे 'पीके'ने सुरू होणारं सार्वजनिक टोकनच.

जुने व्हिडिओ बघून "हे तर ओपन सोर्स आहे" असं गृहीत धरू नका. डिसेंबर २०२० मध्ये मॅपबॉक्स जीएल जेएसच्या (ब्राउझरमध्ये नकाशा काढणारी मॅपबॉक्सची लायब्ररी) दुसऱ्या आवृत्तीपासून कंपनीने खुला परवाना काढून घेतला. खुलंच हवं असेल तर त्याच जुन्या कोडमधून निघालेलं मॅपलिब्रे घ्या. मी नवं काम त्यातच करतो.

नकाशाच्या कोपऱ्यातली ओपनस्ट्रीटमॅपची (लोकांनी मिळून काढलेला खुला नकाशा) श्रेयओळ "डिझाइन बिघडतं" म्हणून लपवणाऱ्यांशी मात्र मी भांडतो. ती परवान्याची अट आहे. शिवाय तुमच्या गावचा रस्ता कुणीतरी पदरचा वेळ घालून त्यात काढलेला असतो.

आता मराठी नावं. ओपनस्ट्रीटमॅपच्या 'नेम:एमआर' (मराठी नाव) टॅगमधून ती सहज मिळतात, पण मॅपलिब्रेत थेट लेबल म्हणून लावली की अक्षरं एकेक सुटी मांडली जातात. 'सिन्नर'मधली वेलांटी 'स'च्या उजवीकडे जाते, जोडाक्षर फुटतं. फॉन्ट बदलत बसू नका, दोष तिथे नाही. मोजकीच गावं असतील तर मी एचटीएमएल मार्करमध्ये (नकाशावर ठेवलेला वेबपेजचा साधा तुकडा) नाव लिहितो. तिथे अक्षरं ब्राउझर जुळवतो आणि सिन्नर सिन्नरसारखं दिसतं.