माळावरचा शिकारी पक्षी ओळखायचा कसा?

सासवडच्या पुढे माळ लागला की विजेच्या खांबावर कुणीतरी तपकिरी, वाकड्या चोचीचा बसलेला दिसतो आणि सोबतचे लगेच 'गरुड!' म्हणून मोकळे होतात. नव्याने येणाऱ्यांना मी सांगते, नावाची घाई नको. तो उडेपर्यंत थांबा. नुसत्या रंगावर तर जाऊच नका, कारण नर, मादी आणि पिल्लू वेगवेगळे दिसतात. मधुबाजाचे तर दोन पक्षी सारखे मिळणं मुश्कील.

उडाला की निम्मं काम होतं. शेपटीला खाच असेल तर घार. एका जागी पंख फडफडवत हवेत थांबला तर कापशी किंवा खरुची. कापशी पांढरी-राखाडी, खांदे काळे. खरुचीची पाठ विटकरी आणि आपल्या माळावर ती हिवाळ्यात भेटते. पंख किंचित वर धरून गवतालगत तरंगत गेला तर भोवत्या, तोही थंडीचाच पाहुणा. पंखांखाली रुंद पांढरा पट्टा आणि वरून शीळ आली तर सर्पगरुड.

खरा गोंधळ शिक्रा, तीसा आणि पावशाचा. पावशा शिकारी नाही, कोकिळेच्या कुळातला आहे. इथे दुर्बीण पक्ष्याच्या गळ्यावर रोखा. शिक्रा कबुतराएवढा, गळ्याच्या मधोमध एकच पुसट राखाडी रेघ, छातीवर तांबूस आडव्या रेघा. नराचा डोळा लाल, मादीचा पिवळा. पिल्लाच्या छातीवर मात्र तपकिरी उभे ओघळ असतात. दाट जंगलात हीच गळ्याची रेघ जाड, काळी दिसली तर बेसऱ्याचा, म्हणजे शिक्र्याच्या जंगलातल्या भाऊबंदाचा विचार करा. तीशाचा गळा पांढरा, त्यावर तीन गडद उभ्या रेघा आणि डोळा चक्क पांढरा. हा फार देखणा पक्षी आहे, खांबावर निवांत बसतो, मनसोक्त बघून घ्या. पावशा उडताना हुबेहूब शिक्रा वाटतो, छोटे पक्षीही त्याला बघून ओरडतात. पण बसला की चोच बघा: शिक्र्यासारखी आकडी नाही. पावसाच्या तोंडावर 'पेर्ते व्हा' ऐकू आलं तर प्रश्नच मिटला.

पुस्तक उघडण्याआधी वहीत लिहा: आकार, शेपटी, गळा, डोळा, महिना, जागा. फोटो काढायचाच तर गळा आणि शेपटी दोन्ही येऊ द्या, पण त्यासाठी पक्ष्याला उठवू नका. घरटं दिसलं तर तिथून लगेच मागे फिरा आणि त्याची जागा कुणालाही कळवू नका.