आईची शंभर पानी वही

सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा येतो, तसा आईच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला आला होता, आणि तो फुटला. जांघेतून नळी घालून त्या फुग्यात कॉइल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं, भरली. डोक्याला एकही टाका नाही. त्यामुळे साताऱ्याला घरी आणल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "चांगली तर दिसतेय की!" आई ते ऐकून उठायची, चहा टाकायची आणि मग दुपारभर डोकं धरून पडायची. घरातल्यांनी हे वाक्य म्हणायचं नाही, एवढं आधी ठरवा. पाहुणा एका वेळी एकच, पंधरा मिनिटं.

एक वही घाला. आमची सुरू झाली निमोडिपिनच्या गोळ्यांनी. दर चार तासांनी, 21 दिवस, मध्यरात्रीसुद्धा. रक्तस्राव झाल्यावर पहिल्या दोनेक आठवड्यांत मेंदूतल्या रक्तवाहिन्या आवळू शकतात, त्यातून होणारं नुकसान कमी व्हावं म्हणून ही गोळी. "झोपलीये, राहू दे" असं करू नका. रात्री दोनचा आणि सकाळी सहाचा गजर माझा, दहाचा दादाचा. या गोळीने रक्तदाब उतरतो. उठवताना आधी बसवा, पाय खाली सोडू द्या, मग उभं करा. चक्कर आली तर गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना फोन करा.

गोळ्या संपल्या तरी मी लिहीत राहिले: आज काय केलं, त्यानंतर किती वेळ झोपली. महिन्याभराने त्यातूनच कळलं की आंघोळ आणि वेणी एका दिवशी झेपत नाही. आंघोळीच्या दिवशी वेणी मी घालायची. मिक्सर ती मागच्या अंगणात असताना फिरवायचा, कुकर लावताना स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचं, टीव्ही चालू असताना बोलायचं नाही. दोघांनी एकदम बोललं की तिला काहीच कळायचं नाही.

विसरण्याचं सगळ्यात जड गेलं. "दादा कुठंय?" हे ती तासात चार वेळा विचारायची. एकदा मी चिडून म्हटलं, "आत्ताच सांगितलं ना!" ती गप्प झाली आणि दोन दिवस काहीच विचारेना. ती चूक तुम्ही करू नका. उत्तर पहिल्यांदाच देतोय असं द्या. आम्ही पाटी लावली: आज गुरुवार. दादा कामावर. सकाळची गोळी झाली.

मिश्रीची डबी मी लपवली, तर तिने शेजारच्या काकूंकडून मागून घेतली. तंबाखूने रक्तदाब चढतो, आणि तोच तर आटोक्यात ठेवायचा. शेवटी काकूंनाच समोर बसवून सगळं समजावलं, तेव्हा जमलं. पोट साफ होण्यासाठीही डॉक्टरांना औषध विचारून घ्या. जोर करायला लागू नये.

अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या, मान आखडणं, झटका, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं: लगेच 108. पण आठवड्यांनंतर चाल फेंगडी होणं, लघवीवर ताबा न राहणं, माणूस मंदावणं, याला "अशक्तपणा" म्हणू नका. मेंदूत पाणी साचत असू शकतं; डॉक्टरांना लगेच कळवा.

सातव्या महिन्यात एका पानावर माझ्या नोंदीखाली आईचं अक्षर दिसलं, थोडं तिरकं: "मेथी निवडली. झोपले नाही."