जुनी मस्टँग मुंबईत ठेवायची तर आधी गंजाचं बघा

१९६५ ते ६८ ची फोर्ड मस्टँग बघायला गेलात की व्हीएटचा, म्हणजे आठ सिलेंडरच्या इंजिनाचा, आवाज ऐकून लगेच पाघळू नका, ते इंजिन तसं साधं आहे आणि त्याचे पार्ट अमेरिकेत अजून नवे बनतात. मुंबईत ही गाडी खातो तो गंज. आणि त्याची आवडती जागा म्हणजे पुढच्या काचेखालची, बॉनेटच्या मागची जाळी. तिथून पावसाचं पाणी आत जाऊन बाजूने खाली निघून जातं, पण आत हवेच्या भोकाभोवती पत्र्याची उभी कड असते, ती कुजली की पाणी थेट तुमच्या पायाशी. म्हणून कार्पेट उचला, एकाला टॉर्च देऊन डॅशबोर्डखाली झोपवा आणि बाहेरून जाळीत बाटलीभर पाणी हळूहळू सोडा. एक थेंब जरी पडला तरी काम मोठंय, वरचं पॅनल स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके) तोडून काढावं लागतं, मग पुन्हा पेंट, तेव्हा भाव त्या हिशोबाने पाडा. सिलिकॉन फासून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना हात लावू देऊ नका! पाणी थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. गाडी तुमचीच असेल तर जूनच्या आधी जाळीतला पालापाचोळा नक्की काढा, झाडाखाली पार्किंग असेल तर दर आठवड्याला.

पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर नको, आत घाम धरतं, कापडी घ्या.

आता पेट्रोल. पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं, ते जुनं रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे फ्युएल पाइप आणि गाडीतल्या फ्युएल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) इथेनॉलला टिकणारेच घाला. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करायचीच नाही.

६६ पर्यंतच्या गाड्यांना ब्रेकचं सर्किट, म्हणजे ब्रेक ऑइलची लाइन, एकच, कुठेही लीक झालं की चारही ब्रेक गेले. ६७ पासून कंपनीनेच दोन केली, तसा मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलतो तो) बसवून घ्या, याच्यात पैसे वाचवू नका प्लीज. ब्रेक ऑइल दमट हवेत पाणी पितं, दरवर्षी बदला.

उभ्या उभ्या पाच मिनिटं चालू करून बंद करू नका, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, ऑइल नीट तापेपर्यंत फिरवा. पण २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज गाड्यांचा व्हीए नंबर घेतला असेल तर रोजच्या वापराला परवानगी नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, मेंटेनन्स एवढंच, त्यामुळे गॅरेजची फेरी लांबच्या रस्त्याने मारा, आणि सकाळी लवकर, सायनच्या ट्रॅफिकमध्ये ही गाडी तापणारच.