सर्व्हर रीबूट झाल्यावर पोस्टफिक्स आपोआप कसा सुरू करावा

पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर लिनक्सवर बसवला, मेल जाऊ-येऊ लागल्या, आणि एके दिवशी कर्नल अपडेटनंतर मशीन रीबूट होताच सगळं ठप्प. बहुतेक वेळा कारण साधं असतं: सर्व्हिस हाताने सुरू केलेली असते, बूट होताना सुरू व्हायला तिला कुणी सांगितलेलंच नसतं. सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) 'स्टार्ट' आत्तापुरतं असतं, 'इनेबल' पुढच्या प्रत्येक बूटसाठी.

(कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा.)

१. आधी स्थिती पाहा: 'सिस्टमसीटीएल इज-इनेबल्ड पोस्टफिक्स'. डेबियन-उबुंटूवर पॅकेज बसवतानाच सर्व्हिस इनेबल होते. रॉकी, अल्मा यांसारख्या रेड हॅटच्या भावकीत हे सहसा आपल्यालाच करावं लागतं.

२. उत्तर 'डिसेबल्ड' आलं, तर 'सुडो सिस्टमसीटीएल इनेबल', मग दोन डॅश जोडून 'नाऊ', मग 'पोस्टफिक्स'. एका दमात दोन्ही कामं होतात. इनेबल म्हणजे तरी काय, 'मल्टी-युजर.टार्गेट.वॉन्ट्स' या फोल्डरात एक सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी खूण) तयार होते, एवढंच.

३. हेच डोव्हकॉटसाठीही करा. हे हमखास राहून जातं. पोस्टफिक्स मेल घेतो आणि पाठवतो. ती फोनवर वाचायला आयमॅप (सर्व्हरवरची मेल वाचायची पद्धत) लागतं, आणि ते काम डोव्हकॉट हा दुसरा सर्व्हर करतो.

४. मशीनवर सेंडमेल हा दुसरा मेल सर्व्हरही असेल तर तो डिसेबल करा. मेल येण्याचा २५ नंबरचा पोर्ट जो आधी उठेल तो बळकावतो.

५. आता खरी गोम. पोस्टफिक्सच्या सेटिंगच्या 'मेन.सीएफ' फाइलमध्ये 'इनेट_इंटरफेसेस'पुढे ठरावीक आयपी लिहिला असेल, तर नेटवर्क कार्डाला तो आयपी मिळण्याआधीच पोस्टफिक्स उठू शकतो, आणि मग चूक दाखवून बंद पडतो. हाताने सुरू केला की मात्र निमूट चालतो, त्यामुळे माणूस भलतीकडेच शोधत बसतो. अशा वेळी 'सुडो सिस्टमसीटीएल एडिट पोस्टफिक्स' (डेबियन १२ वर शेवटी 'पोस्टफिक्स@-') देऊन 'युनिट' विभागात 'वॉन्ट्स' आणि 'आफ्टर' या दोन्हींपुढे 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' लिहा. नुसतं 'नेटवर्क.टार्गेट' पुरत नाही. आयपी मिळाल्याची खात्री ते देत नाही.

६. मशीन खरोखर रीबूट करा. 'इनेबल्ड' दिसतंय म्हणून ही पायरी गाळू नका. थोडा वेळ सर्व्हर बंद राहिला तरी बाहेरून येणाऱ्या मेल सहसा हरवत नाहीत. पाठवणारा सर्व्हर त्या रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स स्वतः मुळात ५ दिवस प्रयत्न करत राहतो.

मशीन वर आल्यावर 'एसएस -एलटीएन' देऊन २५ आणि ९९३ (आयमॅपचा) हे पोर्ट ऐकत आहेत का पाहा. मेल पाठवण्यासाठी ५८७ सुरू केला असेल तर तोही. डेबियन १२ वर 'स्टेटस'मध्ये 'अ‍ॅक्टिव्ह (एक्झिटेड)' दिसलं तर घाबरू नका, खरी प्रक्रिया 'पोस्टफिक्स@-' या नावाखाली चालू असते. पोर्टच दिसत नसेल, तर 'जर्नलसीटीएल -बी -यू पोस्टफिक्स' (डेबियन १२ वर शेवटी 'पोस्टफिक्स@-') या कमांडने फक्त या बूटचा लॉग निघतो; त्यात 'फेटल' शब्द असलेली ओळ शोधा.